शेवटची बोंडं कोण खातं?

बाभळीला कापूस लागतो. खोटं वाटत असेल तर जानेवारीत यवतमाळहून बाभुळगावला जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळची जागा धरा. कापसाने फुगलेल्या गाड्या जिनिंगच्या गिरणीकडे निघालेल्या असतात, आणि रस्त्यावर झुकलेल्या बाभळी जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून चिमूट चिमूट कापूस काढून ठेवतात. काट्याकाट्यांवर पांढरे पुंजके. परवा ते पाहिले आणि मला लहानपणी यात्रेच्या आदल्या दिवशी वाटायचं तसं वाटलं. शेजारच्या बाईंना मी उगाचच म्हणाले, "उलंगवाडी आली."

त्या म्हणाल्या, "आली ना. आता ढोरं मोकळी."

उलंगवाडी म्हणजे कापसाच्या हंगामाचा शेवट. शेवटची वेचणी आटोपते, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकलेल्या काट्या बाजूला होतात, आणि इतके महिने जे वावर एकाचं असतं ते थोडे दिवस सगळ्यांचं होतं. वाळल्या पऱ्हाट्यांत, म्हणजे कापसाच्या झाडांत, कोणीही जावं, राहिलेला कापूस वेचावा, ढोरं सोडावीत. कोणी हटकत नाही. माझ्या लेखी वर्षातला याहून मोठा सण नव्हता. कारण आमच्याकडे वावर नव्हतं, बकऱ्या होत्या.

शाळा सुटली की दप्तर ओसरीत टाकायचं आणि बकऱ्यांमागे निघायचं. एरवी बकऱ्या चारणं म्हणजे सतत ओरडणं: हिच्या वावरात तोंड गेलं, त्याच्या तुरीत पाय गेला. उलंगवाडीत मात्र आम्ही राजे. भुरी पुढे, चांदी तिच्या मागे, बाकीच्या पसरलेल्या. पऱ्हाटीच्या शेंड्याला उरलेली हिरवी, किडकी, अर्धवट उमललेली बोंडं त्या अशा खायच्या की कुरूमकुरूम आवाज धुऱ्यापर्यंत यायचा. मी बांधावर बसून तुरीचे सोले खायची. थंडीतलं कोवळं ऊन पाठीवर, बोटांना शेंगांचा हिरवा वास, आणि समोर तो आवाज. अकरावीच्या प्रवेशाला चांदी गेली. कॉलेजच्या वसतिगृहाला भुरीची बोकडं गेली. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण ही कृतज्ञता बराच काळ माणसांपुरतीच होती.

त्या माणसांत आमचे विज्ञानाचे सर होते. फळ्यावर खडू टेकवून ते म्हणायचे, "आधी नियम लिहा. मग उदाहरणं लिहा." मी नियम पाठ करायची आणि उदाहरणं मनाची घालायची. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, उदाहरणार्थ आमच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. सर लाल शाईने बरोबरची खूण करून बाजूला लिहायचे, "गाडी तुमची नसावी." खरंच नव्हती, शेजाऱ्यांची होती. पण त्या दोन वाक्यांतून माझ्या डोक्यात ज्ञानाचं एक चित्र पक्कं झालं. वर नियम बसलेला. खाली उदाहरणं, रांगेत उभी, हात जोडून.

पुण्याला संशोधनासाठी गेले तेव्हा हे चित्र सोबत घेऊनच गेले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात त्याला पहिला धक्का दिला. त्यांचा विषय सिस्टिम थिंकिंग. एखादी गोष्ट एकटी पाहायची नाही, तिचा कशाकशाशी संबंध आहे ते पाहायचं. कारणाकडून परिणामाकडे बाण काढायचा, मग त्या परिणामाकडून पुढचा बाण. आणि बाण फिरत फिरत निघाल्या जागी परत आला की समजायचं, फेरा सापडला. मी पहिला फेरा काढला तो आमच्याच गावाचा, कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचा. हंगाम संपला तरी पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन आणखी एक वेचणी काढायची, याला फरदड म्हणतात. फरदडीमुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. म्हणून पुढच्या वर्षी अळी जास्त. म्हणून पहिल्या वेचण्यांत कापूस कमी. आणि तो तोटा भरून काढायला लोक काय करतात? पुन्हा फरदड ठेवतात!

शेवटचा बाण कागदावर पहिल्या शब्दाला येऊन टेकला तेव्हा मी वसतिगृहाच्या खोलीत एकटीच टाळी वाजवली. ज्याला लोक नशीब म्हणत होते, हवामान म्हणत होते, ते गोल होतं. आणि गोल असेल तर कुठेतरी तोडता येतं. आमच्या गावाने तो तोडलाही होता. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना बोंडअळीने फार छळलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की फरदड नाही, वेळेत उलंगवाडी. पुढच्या हंगामापासून अळी हटली. कशी हटली ते आता माझ्या हातात होतं, चार शब्द आणि चार बाणांत. चौथा बाण तोडा, फेरा संपला. नियम!

मॅडमनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "आता सांग, हे तुझ्या गावाबद्दल आहे की कापसाबद्दल?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही असेल तर दुसऱ्या गावात जाऊन बघ. आणि जायच्या आधी एक विचार कर. तुझ्या गावात असं काय आहे, जे तू काढलं नाहीस, कारण तुला ते दिसतच नाही?"

मी रात्रंदिवस विचार केला असं म्हणायला छान वाटलं असतं. केला नाही. जे दिसतच नाही त्याचा विचार कसा करणार?

इथे एक डाळीची गोष्ट मध्येच सांगते. माय एकदा पुण्याला माझ्याकडे आली आणि तिने वरण केलं. आमच्या गावाकडे तूर शिजायला वेळ लागतो, म्हणून तिने ती सवयीने भरपूर शिजवली. झाकण काढलं तर डाळीचं पीठ झालेलं. मी म्हटलं, "डाळ खराब निघाली." माय म्हणाली, "डाळ तीच हाय, मीच आणली. पाणी कुठलं हाय इथचं?" मी हसले आणि ते वरण प्यायले. तेव्हा ते फक्त वरण होतं.

दुसरं गाव मिळालं ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ढाणकीच्या बाजूला. यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा एसटीचा लांबलचक प्रवास, आणि वाटेत बोलीही हळूहळू बदलत जाते. आमचं "मले-तुले" मागे पडतं आणि नांदेडकडचा वारा लागतो. तिथे कालव्याचं पाणी आहे. आमच्या कोरडवाहू डोळ्यांना ते गाव जानेवारीतही ओलं दिसलं. कापसाच्या शेजारी हरभरा, गहू, आणि कापूस काढलेल्या वावरात उन्हाळी भुईमुगाची तयारी.

तिथे मी सुनंदाताईंकडे उतरायचे. बचतगटाच्या अध्यक्ष, नवरा मुंबईकडे कामाला, शेती पूर्ण यांच्या अंगावर. बोलायला धारदार आणि मनाने लोण्यासारख्या. मी समाजमंदिरात चार्ट लावून फेरा समजावला तेव्हा त्या पहिल्या रांगेत होत्या. समजावून झालं आणि त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मला पटलं. पुढच्या रविवारी मी माझी पऱ्हाटी उपटणार. शेंड्याला बोंडं आहेत, असू द्या. कोणाला बघायचं असेल तर या."

सभेत कुजबुज झाली. त्यांचे दीर गजाननभाऊ मागे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "बघा बघा! आजवर फवारा मारून अळी मरंना, आता वहिनी बाण मारायल्या!"

सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी साधा आवाज करून विचारलं, "मॅडम, एक सांगा. माझ्या भावकीतल्या दोघांनी भुईमुगासाठी मागल्या डिसेंबरातच कापूस काढला. फरदड नाही, काही नाही. त्यांच्या वावरात यंदा अळी कशी आली?"

मी उत्तर दिलं. शेजाऱ्याच्या वावरातून पतंग उडून येतात, म्हणून सगळ्यांनी एकत्र करायला हवं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते माझ्या तोंडातून फार पटकन निघालं, हे मला जाणवलं. फळ्यावर नियम लिहिलेला असला की उदाहरणाला असंच गप्प करता येतं.

बाहेर आल्यावर सुनंदाताईंनी माझा दंड धरला. "सुजाता, खरं सांग. तुझ्या गावात झालं ते इथं होणार का? मी सगळ्यांपुढं बोलून बसले. पुढच्या वर्षी माझ्या वावरात अळी निघाली तर हा गजानन मला जन्मभर बोलू देणार नाही. मला सोड, गटातल्या बायांचं पुन्हा कोणी ऐकणार नाही."

मी "होणार" म्हणाले नाही. "नाही" पण म्हणाले नाही. एसटीत बसले आणि सबंध प्रवासभर मला माझ्या बाणांची भीती वाटली. पदवीचं, प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो. इथे एक बाई बोंडं लागलेलं पीक उपटणार होती, आणि तिच्या हातात माझ्या गावाचा कागद होता.

त्या रविवारसाठी मी मायला सोबत घेतलं. म्हटलं, आमच्या गावात खरंच असं झालं हे सांगायला कोणीतरी पाहिजे. माय आयुष्यभर कापूस वेचत आलेली, सांगेल ती. पण एसटीत बसल्यावर तिने जाहीर केलं, "मी बोलीन, पण खरं बोलीन. अळी ढगाळ हवेनं येते. तुह्या फरदडीनं नाही."

"माय, तू माझ्या बाजूनं येऊन राह्यली की त्याइच्या?"

"मी कोनाच्याच बाजूनं नाही. मी उमरखेड पाहाले येऊन राह्यली."

आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. सुनंदाताईंनी चहा दिला, आणि मग माय आणि मी गावातून चक्कर मारायला निघालो. माय दोन्ही बाजूंना बघत चालली होती, कोणाला तरी शोधत असल्यासारखी. गल्लीच्या टोकाला थांबली.

"सुजे, हे गाव अजबच हाय."

"काहून?"

"येवढं मोठं गाव, एक बकरी दिसून नाही राह्यली."

मागून सुनंदाताई येत होत्या. त्या हसल्या. "मावशी, इथं बकऱ्या ठेवून काय करू? बाराही महिने कुणाचं ना कुणाचं हिरवं उभं असतं. बकरी सुटली की भांडण. तिकडं तांड्यावर आहेत, पण इकडं आल्या की लोक काठ्या घेऊन धावतात."

"मंग उलंगवाडी झाल्यावर वावरात काय सोडता?"

"काही नाही. पऱ्हाटी उपटून घरी आणतो, चुलीला."

माय "असं" म्हणाली आणि पुढे निघाली. तिच्यापुरता विषय संपला होता. मी तिथेच उभी राहिले. गल्लीत प्रत्येक घरामागे पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले होते, छपरापर्यंत. आमच्या गावातही असतात. पण आमच्याकडचे ढीग नुसत्या काड्यांचे. या ढिगांवर बोंडं होती. वाळलेली, न उमललेली, काळपट, डोळे मिटून बसल्यासारखी.

मी एक बोंड तोडून दगडावर फोडलं. दुसरं फोडलं. तिसऱ्यात ती होती. गुलाबी, गुंडाळी करून, सरकीच्या पोटात शांत झोपलेली. उन्हाळा असाच काढणार आणि पाऊस आला की पतंग होऊन पुढच्या कापसावर जाणार.

आणि मला बांधावरचा तो जुना आवाज ऐकू आला. कुरूमकुरूम! आमच्या गावात उलंगवाडी झाली आणि अळी उपाशी मेली, असा एक सरळ बाण मी काढला होता. तो एक बाण नव्हताच. दोन होते, आणि त्यांच्या मध्ये एक बकरी उभी होती. उलंगवाडी झाली की धुरे उघडतात, बकऱ्या आत जातात, शेंड्यावरची बोंडं अळीसकट खातात, मग उरलेल्या नुसत्या काड्या घरी येतात. म्हणून आमचे ढीग मोकळे. म्हणून आमची अळी संपली. आणि इथे डिसेंबरात काढलेला कापूसही बोंडांसकट घरामागे येऊन बसत होता. गजाननभाऊंच्या भावकीतल्या दोघांनी अळी वावरातून काढून अंगणात नेऊन ठेवली होती!

आणि बकरी मी काढली नव्हती. मी! जिचं बालपण बकऱ्यांमागे गेलं, जिची अकरावी चांदीने भरली, वसतिगृह भुरीच्या बोकडांनी. पुण्यात जन्मलेल्या एखाद्या मुलीने आमच्या गावात येऊन चित्र काढलं असतं तर तिने पहिली बकरीच काढली असती, कारण तिच्या साडीचा पदर बकरीने खाल्ला असता. मला मात्र बकऱ्या हवेसारख्या होत्या. इथे येईपर्यंत मी बकऱ्यांशिवायचं गाव कधी पाहिलंच नव्हतं, मग त्या मला दिसणार कशा? दुसऱ्या गावात जाऊन मला दुसरं गाव कळायचं होतं. कळलं ते माझंच.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. धापा टाकत सगळं सांगितलं. पलीकडून त्यांचा खळखळून हसण्याचा आवाज आला. "म्हणजे नियम मोडला?"

"नाही मॅडम. मोडला नाही. उघडला."

रविवारी सकाळी सुनंदाताईंच्या वावराच्या धुऱ्यावर बरीच माणसं जमली होती. काही शिकायला, काही मजा बघायला. दहिवराने ओली पऱ्हाटी उन्हात चमकत होती. मी चार्ट आणलाच नाही. एक वाळकी काडी घेऊन मातीतच बाण काढले, आणि सांगितलं की मागच्या वेळी मी जे सांगितलं त्यात एक जागा रिकामी होती. नुसतं वेळेत उपटून इथे भागणार नाही. गजाननभाऊंचा प्रश्न बरोबर होता.

गजाननभाऊ चपापले. टोमण्याची तयारी करून आलेल्या माणसाला कोणी 'तुमचं बरोबर' म्हटलं की त्याची फार पंचाईत होते.

सुनंदाताईंचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे उपटू नको? एवढे लोक बोलावले मी!"

"उपटा ताई. पण आधी बोंडं तोडा. एकही बोंड काडीवर राहिलं नाही पाहिजे. मग काड्या खुशाल घरी न्या."

"आणि तोडलेल्या बोंडांचं काय करू? पुरून टाकू?"

"पुरता कायले?" माय मागून म्हणाली. "बकऱ्याईले टाका ना. किती खुश होतीन."

"मावशी, पण बकऱ्या..." सुनंदाताई बोलता बोलता थांबल्या आणि तांड्याच्या दिशेला बघू लागल्या. गजाननभाऊंनी डोकं खाजवलं. "बैलगाडी माझी आहे," ते म्हणाले. "वहिनी म्हणत असतील तर नेतो."

त्या दिवशी गटातल्या बायांनी वेचणीसारख्याच ओळी धरल्या. कमरेला ओटी बांधली, पण ओटीत कापसाऐवजी बोंडं. थट्टा, गाणी, एकमेकींना टोचणं, सगळं वेचणीसारखंच. माय त्यांच्या पुढे, आणि पुन्हा पुन्हा सांगत होती की अळी ढगाळ हवेनेच येते, पण बोंडं वाया कशाला घालवायची. दुपारी गाडी भरून तांड्यावर गेली. तिथल्या एका बाईने पोत्यात हात घालून बोंडं पाहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "आमच्या बकऱ्या तुमच्या वावरात आल्या तर काठी. आणि आता जेवण घरपोच?" गजाननभाऊ गाडीवर मान खाली घालून बसले होते. मग तेही हसले. तिच्या बकऱ्यांनी तोवर पोतं फाडलं होतं. तो आवाज ऐकून मला बांधावरचं कोवळं ऊन पाठीवर आल्यासारखं वाटलं.

पुढच्या हंगामात, पऱ्हाटीला फुलं लागली तेव्हा सुनंदाताईंचा फोन आला. अळीने आतून शिवून टाकलेलं फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, त्याला डोमकळी म्हणतात. ती दिसली की समजायचं अळी आली. ताई वावरात उभ्या होत्या, वारा फोनमध्ये शिरत होता. "ओळीच्या ओळी फिरले, सुजाता. डोमकळी आहे, नाही असं नाही. पण शोधावी लागायली! मागल्या वर्षी न शोधता दिसायची. आणि ऐक, गजाननही माझ्या वावरात फुलं बघत फिरायलाय. बोलत नाही काही, नुसता फिरायलाय." मी म्हटलं, ताई, एका वर्षावरून काही सांगता येत नाही, पाऊस वेगळा, हवा वेगळी. त्या म्हणाल्या, "ते तू कागदात लिही. मी गटाच्या मीटिंगमध्ये मान वर करून बसले, ते कुठं लिहिशील?"

इथे लिहिलं, ताई.

तेव्हापासून मी ज्ञान या शब्दाचा विचार वेगळा करते. पूर्वी वाटायचं, जे सगळीकडे खरं तेच ज्ञान, आणि एका गावात खरं ते नुसतं उदाहरण. आता वाटतं, एक गाव नीट पाहिलं तर त्यात सगळ्या गावांसाठी काहीतरी असतं, पण ते उत्तर नसतं. आमच्या गावाचं उत्तर ढाणकीकडे नेलं तर ते वाटेत मोडतं. पण त्या उत्तराच्या पोटातला प्रश्न एसटीत बसून कुठेही जाऊ शकतो. आणि प्रत्येक गाव त्या प्रश्नात आपलं थोडं घालून तो पुढे पाठवतं. मायने पुण्यात डाळीला दोष दिला नव्हता, पद्धतीलाही दिला नव्हता. तिने पाणी विचारलं होतं. तिची पद्धत तिच्यापुरती पूर्ण होती आणि तरी तिला ठाऊक होतं की तिच्यात न सांगितलेलं पाणी मिसळलेलं आहे. आमच्या शाळेतल्या सरांचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. आधी नियम लिहा, मग उदाहरणं लिहा. फक्त त्यानंतरची एक ओळ राहिली होती, आणि ती लिहिण्यापुरतं शिक्षण त्यांनीच मला दिलं: आता ज्या उदाहरणात नियम बसत नाही ते शोधा, आणि त्याला खुर्ची द्या.

प्रबंध बांधून आला तेव्हा मी तो मायच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नाही. तिने पानं उलटली, बाणांच्या चित्रापाशी थांबली.

"याच्यातली बकरी कोनती?"

मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. तिने बोट तसंच ठेवलं थोडा वेळ. मग म्हणाली, "चांदी हाय ही," आणि पान उलटलं.

यंदाची उलंगवाडी म्हणजे परवाचीच गोष्ट. वणीकडे, राजूरच्या पलीकडच्या एका गावाने बोलावलं होतं. त्यांच्याकडे अळी हटत नाही, आणि आमचं कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. मी बाभुळगावकडच्या आमच्या गावातून मायला घेतलं. सुनंदाताई आदल्या दिवशीच गटातल्या दोघींना घेऊन यवतमाळला येऊन थांबल्या होत्या, तिथून सगळ्या एकत्र निघालो. रस्ताभर कोळशाचे ट्रक, झाडांवर काळी भुकटी, आणि त्या काळ्या झाडांवर कापसाचे पांढरे पुंजके. मी इतकी उत्साहात होते की माय म्हणाली, "लग्नाले चालली का?"

गावात पारावर माणसं बसली होती. एका म्हाताऱ्या आजोबांनी वेळ न घालवता विचारलं, "बाई, ढाणकीकडं तुमी बोंडं तोडून बकऱ्याईले टाकले म्हंते. आमी बी तेच करू. आमच्याकडं बकऱ्या हायेत. सांगा, कवा सुरू करू?"

मी तोंड उघडणार तोच सुनंदाताई पुढे झाल्या. ज्या बाईने माझा दंड धरून "होणार का" म्हणून विचारलं होतं, ती आता मातीत बसली आणि पऱ्हाटीची एक काडी तिने हातात घेतली.

"बाबा, ते आमच्याकडचं झालं. आधी तुमचं सांगा. तुमच्याकडं शेवटची बोंडं कोण खातं?"

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. मागच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांतली एक हळूच म्हणाली, "शेवटची? आमच्याकडं शेवट होतच नाही, बाई. माणसं खाणीवर जातेत, वेचाले मजूर भेटत नाही. कापूस होळीपर्यंत उभाच राह्यते."

हे माझ्या चित्रात नव्हतं. ताईंच्याही नव्हतं. खाणीकडून कापसाकडे येणारा एक बाण, कधी कोणी न काढलेला.

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे नुसते चमकत होते. त्या थोड्या सरकल्या, शेजारची माती हाताने सारखी केली, आणि काडी त्या बाईपुढे धरली.

"ये, इथं बस. काढ."